भाजलेल्या जखमेचं चित्र तिसऱ्या दिवशीच का काढतात? (जखमेची खोली आणि इमेजिंग)

तिरीप
बर्न्स वॉर्डात लेझर स्कॅनर चालवणं हे माझं रोजचं काम. सिस्टर ड्रेसिंग सोडतात, मलम पुसून जागा स्वच्छ आणि कोरडी करतात, मग मी यंत्र पलंगाशी सरकवते. वॉर्डाच्या दाराशी थांबलेले नातेवाईक मला जवळजवळ रोज एकच प्रश्न विचारतात: "यंत्र इथंच आहे ना? मग आल्याआल्या का नाही केलं? परवा कशाला?" दारात उभ्याउभ्या याचं उत्तर देते खरी, पण ते पोचत नाही. समोरच्याचा जीव थाऱ्यावर नसतो आणि मलाही आत हाक आलेली असते. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी खोलीबद्दल. आपल्या भाषेत चटका बसतो, पोळतं, भाजतं, होरपळतं, करपतं. ही उतरंड बोलीने फार पूर्वीच लावली आणि तिची दोन्ही टोकं आजही बरोबर आहेत. चटक्याने लाल झालेली, चुरचुरणारी जागा आठवड्याभरात सालपटं निघून बरी होते, हे कुणालाही कळतं. चामड्यासारखी कडक झालेली, पांढरट किंवा तपकिरी, टोचलं तरी न दुखणारी जागा आपली आपण भरणार नाही, हे नवा डॉक्टरही ओळखतो. अडतं ते मधल्या जखमांपाशी. आणि वॉर्डात येणाऱ्यांत मधल्या जखमाच खूप असतात.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर, बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. खालची अंतस्त्वचा बरीच जाड, साधारण १ ते ४ मिलिमीटर. पाठीवर ती सर्वांत जाड, पापणीवर अगदी पातळ. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी या अंतस्त्वचेत खोलवर गेलेल्या असतात आणि त्यांना आतून अस्तर असतं बाह्यत्वचेच्याच पेशींचं. जखम भरते ती या पेशी वर चढून पृष्ठभागावर पसरतात म्हणून. रान पेटलं तरी मुळं जिवंत असली की पहिल्या पावसात कोंब येतात, तसं. अंतस्त्वचेचा वरचा भागच जळाला असेल तर मुळं भरपूर उरतात आणि जखम दोन आठवड्यांच्या आसपास झाकली जाते. खालपर्यंत जळाली असेल तर मोजकी मुळं उरतात, तीन आठवडे उलटतात, आणि नंतर जी त्वचा येते ती जाड, ताणलेली, खाजरी.

या दोन जखमा पहिल्या दिवशी दिसायला सख्ख्या बहिणी असतात. दोन्ही ओल्या, दोन्ही लालसर, दोन्हींवर फोड.

आता यंत्र. आमच्याकडे आहे ते लेझर डॉप्लर. नातेवाइकांना वाटतं की एक्स-रेत हाड दिसतं तशी यात खोली दिसते. खोली त्यात दिसतच नाही. ते मोजतं रक्तप्रवाह: त्वचेच्या वरच्या एक-दीड मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी किती आणि किती वेगाने फिरतायत. उथळ भाजलं की शरीर तिथे रक्त लोटतं, प्रवाह निरोगी त्वचेपेक्षाही वाढतो. खोल भाजलं की केशवाहिन्याच गोठलेल्या असतात, प्रवाह मंद किंवा शून्य. पडद्यावर याचेच रंग होतात. लाल म्हणजे १४ दिवसांच्या आत भरेल, पिवळा म्हणजे १४ ते २१, निळा म्हणजे २१ दिवसांपेक्षा जास्त. या रंगांतून उत्तर मिळतं ते "कधी भरेल?" या प्रश्नाचं. माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्नही तोच आहे. खोली मिलिमीटरमध्ये अचूक कळली तरी पाठीवरचा पाऊण मिलिमीटर आणि पापणीवरचा पाऊण मिलिमीटर यांचा अर्थ एक नसतो.

आणि हे उत्तर पहिल्या दिवशी शरीरानेच दिलेलं नसतं. पहिले ४८ तास जखम बदलत असते. काल ज्या वाहिन्यांतून रक्त चाललं होतं त्या आज बंद पडतात. काल आखडलेल्या आज उघडतात. तेव्हा काढलेलं चित्र सुबक येतं, रंगही झकास येतात, पण त्यावर निर्णय घेतला तर फसगत होते. ४८ तास ते पाचवा दिवस ही खरी वेळ. या काळात नीट काढलेलं चित्र १०० पैकी ९५ च्या आसपास जखमांबद्दल बरोबर सांगतं.

तर परवा म्हणजे चालढकल नव्हे. प्रश्न असतील तर विचारा, माहितीतलं सगळं सांगेन.

रातवा
हा धागा आजच दिसावा याचं काय सांगू. माझी मुलगी चार वर्षांची आहे. परवा संध्याकाळी गरम पाणी अंगावर सांडून डावी मांडी आणि घोटा पोळला. तिला दाखल केलं तेव्हा हाच प्रश्न मीही चढ्या आवाजात विचारला होता. उद्या सकाळी स्कॅन आहे. त्याने दुखतं का? तिला झोपवावं लागेल का?

तिरीप
रातवा, स्कॅन अजिबात दुखत नाही. यंत्र अंगाला लागत नाही, हातभर अंतरावरून एक मंद लाल ठिपका फिरतो एवढंच. दुखतं ते आधी ड्रेसिंग सोडताना आणि मलम पुसताना. त्यासाठी वेदनाशामक औषध वेळेवर द्या, असं सिस्टरना आधी सांगून ठेवा. तेवढं झालं की तिला मांडीवर घेऊन बसा, गोष्ट सांगा. हललं की चित्र बिघडतं, कारण यंत्राला हालचाल म्हणजे प्रवाह. पाय थरथरला तर न वाहणारी जागाही लाल दिसेल. जुन्या यंत्रांना मोठ्या जखमेसाठी काही मिनिटं लागतात. नवी, रेषेने पुसत जाणारी यंत्रं हेच काम काही सेकंदांत करतात. तुमच्याकडे कोणतं आहे ते विचारा. आणि डोळ्यांचा चष्मा देतील तो तिला घालू द्या, हट्ट करून काढू देऊ नका.

गारवेल
मी प्लास्टिक सर्जन. तिरीप यांनी फार चांगलं मांडलंय. सर्जनच्या बाजूने थोडी भर घालते.

"जखम बदलते" हे सर्वांत स्पष्ट सांगितलं ते बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये, आणि तेही भाजल्याची खोली कशी ओळखावी याच विषयावरच्या लेखात. त्यांनी जखमेचे तीन पट्टे दाखवले. मधोमध गोठून मेलेला भाग. त्याभोवती जिवंत असलेला, पण रक्त तुंबत चाललेला भाग. सगळ्यात बाहेर लाल झालेला, हमखास वाचणारा भाग. माझी सगळी धडपड त्या मधल्या पट्ट्यासाठी असते. रक्तदाब पडला, सलाइन कमी-जास्त झालं, जंतुसंसर्ग झाला की दोन-तीन दिवसांत हा पट्टा मेलेल्या भागात जमा होतो. पोळल्यावर पहिल्या तीन तासांत २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरायला सांगतात तेही यासाठीच. बर्फ मात्र नको, तो वाहिन्या आखडवतो आणि हाच पट्टा गमावतो.

निर्णयाची घाई सर्जनला का झाली, तर झोरा यान्झेकोविच यांच्यामुळे. त्या स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या. पूर्वी मेलेली कातडी सुटून येईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट बघायचे आणि मग ग्राफ्ट, म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागेची काढलेली कातडी, लावायचे. यान्झेकोविच यांनी पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ कापांनी तासून काढायला सुरुवात केली. ताजं रक्त ठिपकू लागलं की थांबायचं आणि लगेच ग्राफ्ट लावायचं. १९७० मध्ये त्यांचा लेख आला आणि जळिताची शस्त्रक्रियाच बदलली. पण त्यासोबत एक नवी जबाबदारी आली. आपोआप भरणारी जखम मी तासली तर त्या माणसाला विनाकारण व्रण दिला, शिवाय ग्राफ्टसाठी मांडीवर दुसरी जखम केली. न भरणारी जखम तशीच ठेवली तर तीन आठवडे संसर्गाच्या तोंडी दिलं आणि वर जाड व्रण.

डोळा काय करतो? दाबून रंग जातो का आणि परत येतो का बघते, टाचणीने टोचून बघते, एखादा केस ओढून बघते. अनुभवी सर्जनचा अंदाजही साधारण दोनतृतीयांश ते पाऊण वेळा बरोबर येतो. उरलेल्या जखमांतली प्रत्येक जखम कुणाच्या तरी अंगावर असते, हे मला रोज आठवतं.

तरीही दोनदा मी चित्राविरुद्ध गेले आहे आणि दोन्ही वेळा बरोबर ठरले. एकदा रुग्ण गारठलेला होता, त्यामुळे सगळं अंग निळं आलं होतं. दुसऱ्यांदा मलमाचा पिवळट साका पुसलाच गेला नव्हता. उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये या तंत्राची शिफारस केली तीही याच मर्यादेत: मधल्या खोलीची जखम, तपासून शंका उरलेली, अशा वेळी तपासणीच्या जोडीला. तपासणीऐवजी नव्हे.

कवडसा
प्रकाशशास्त्र हा माझा विषय, म्हणून राहवलं नाही. सुटसुटीत लिहायचा प्रयत्न करतो.

६३३ नॅनोमीटरचा लाल लेझर म्हणजे सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी कंपनं. केशवाहिनीतली तांबडी पेशी सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास सरकते. तिच्यावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता जास्तीत जास्त तीन-चार हजारांनी बदलते. ४७४ लाख कोटींत तीन हजारांचा फरक! कुठलाही वर्णपटमापक तो दाखवू शकत नाही. मग यंत्राला कळतं कसं? तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात एक हेलकावा येतो, तो आठवा. इथेही स्थिर ऊतींवरून आलेला न बदललेला प्रकाश आणि पेशींवरून आलेला किंचित बदललेला प्रकाश एकाच डिटेक्टरवर पडतात आणि त्यांच्या फरकाइतका हेलकावा उमटतो. हेलकाव्याची वारंवारता सांगते वेग, त्याचा जोर सांगतो हलणाऱ्या पेशींचं प्रमाण. १९७५ मध्ये स्टर्न यांनी जिवंत त्वचेवर हे करून दाखवलं. जळिताच्या जखमा सबंध स्कॅन करणारी यंत्रं नव्वदच्या दशकात आली.

याचं भावंड म्हणजे लेझर स्पेकल. लेझर भिंतीवर पाडला की वाळूसारखे चमचमते कण दिसतात ना, ते स्पेकल. खाली काही हलत असेल तर फोटोत हे कण पुसट होतात. जितकं रक्त वाहतं तितकी पुसटता जास्त. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. सगळं क्षेत्र एका फोटोत येतं, मूल हललं तर पुढचा फोटो घ्यायचा. पण हे डॉप्लरपेक्षा उथळ बघतं.

उलट दिशेने जाणारी, म्हणजे रचना बघणारी तंत्रंही आहेत. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे परतलेल्या प्रकाशावरून आतले थर दाखवणारी तपासणी, अनेकांना डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीमुळे माहीत असेल. तिची ध्रुवित प्रकाशाची (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाची) आवृत्ती मला फार सुंदर वाटते. कोलॅजेन म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन. त्याचे निरोगी धागे ओळीने रचलेले असतात, त्यामुळे ते ध्रुवित प्रकाश दुभंगतात. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तापलं की पीळ सुटतो आणि हा गुण जातो. म्हणजे कोलॅजेन कुठपर्यंत शिजलं हे थेट दिसतं, रक्ताची वाट न बघता! अडचण अशी की हा प्रकाश एक-दोन मिलिमीटरच आत जातो, आणि एका वेळी छोटा तुकडाच दिसतो. पाठीवरच्या खोल जखमेचा तळ त्याला गाठता येत नाही.

दगडफूल
माहितीपूर्ण धागा. सोनोग्राफीने का बघत नाहीत? तिला खोलीची अडचण नसावी.

कवडसा
प्रयत्न झाले आहेत, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून. शिजलेलं आणि न शिजलेलं कोलॅजेन यांच्या सीमेवरून प्रतिध्वनी यावा अशी अपेक्षा होती. डुकराच्या त्वचेवर तो मिळाला, रुग्णांवर तितका भरवशाचा ठरला नाही. प्रोब जखमेवर टेकवावा लागतो हाही त्रास आहेच. आता २० मेगाहर्ट्झच्या आसपासचे प्रोब मिळतात आणि सोनोग्राफीनेच वाहिन्यांतला प्रवाहही बघता येतो, त्यामुळे तिचा पुन्हा विचार चाललाय.

गारवेल
आणि उष्णता विसरू नका. कॅनडात लॉसन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच थर्मोग्राफीने भाजलेल्या आणि हिमदंश झालेल्या जागा बघितल्या होत्या. तर्क सोपा आहे: रक्त नाही तिथे ऊब नाही, खोल जखम शेजारच्या त्वचेपेक्षा अंश-दोन अंशांनी गार. आता उष्णतेचा कॅमेरा फोनलाही जोडता येतो, त्यामुळे यात पुन्हा उत्साह आलाय. पण ओल्या जखमेवरून पाणी उडतं आणि उथळ जखमही गार पडते. ड्रेसिंग सोडल्यावर किती वेळाने फोटो काढला, पंखा चालू होता का, यावर उत्तर फिरतं. मी तो आकडा एकट्याने कधीच मानणार नाही.

शिरेतून इंडोसायनिन ग्रीन देऊन वाहिन्या उजळवण्याची रीतही आहे. चित्र फार बोलकं येतं. पण सुई आली, रंगद्रव्य आलं, त्यात आयोडीन असल्याने ॲलर्जीची चौकशी आली. रोज सगळ्यांना करण्याजोगं नाही.

उंबरठा
मी स्वतः भाजलेली आहे. हात आणि मान. बरीच वर्षं झाली. माझा रंग सावळा आहे. तेव्हा एका डॉक्टरांनी माझ्यासमोरच शेजारच्या डॉक्टरांना म्हटलं होतं की हिच्या कातडीवर लाली कळत नाही, त्यामुळे अंदाज येत नाही. ते वाक्य अजून टोचतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे आज कळतं. पण मला खरंच जाणून घ्यायचंय: ही यंत्रं काळ्यासावळ्या त्वचेवर तितकीच चालतात का?

तिरीप
उंबरठाताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत.

रंगद्रव्य असतं बाह्यत्वचेत. मधल्या खोलीच्या जखमेत बाह्यत्वचा बहुतेक निघूनच गेलेली असते, फोडाबरोबर किंवा साफ करताना. खालची उघडी अंतस्त्वचा सगळ्या माणसांची जवळजवळ सारखीच दिसते. म्हणून नेमक्या जखमेवर डॉप्लरला रंगाचा अडथळा कमी होतो. शिवाय यंत्र परतलेल्या एकूण प्रकाशाशी तुलना करून आकडा काढतं, त्यामुळे थोडा प्रकाश शोषला गेला तरी बरंच सावरलं जातं. अडथळा येतो तो जिथे बाह्यत्वचा अजून चिकटून आहे अशा उथळ कडांवर, आणि गोंदणावर. गोंदणाच्या जागी मी चित्रावर खूण करून ठेवते, तिथला रंग वाचू नका म्हणून.

साध्या फोटोवर चालणाऱ्या पद्धतींचं मात्र असं नाही. त्या जखमेची तुलना शेजारच्या निरोगी त्वचेशी करतात. शिकवताना गोऱ्या त्वचेचेच फोटो जास्त दाखवले असतील तर सावळ्या त्वचेवर त्या चुकणार, आणि चुकताहेत हे कुणाला कळणारही नाही. अशा प्रत्येक साधनाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारते की ते कोणाकोणाच्या त्वचेवर तपासलंय.

गारवेल
ते वाक्य तुमच्यासमोर बोलायला नको होतं, ताई. आणि वैद्यकीय दृष्ट्याही ते अपुरं होतं. लाली शेजारच्या कातडीवर शोधायचीच नाही. फोडाचं आवरण काढून उघड्या तळाकडे बघायचं, तो दाबायचा. आमच्या शिक्षणात चित्रं गोऱ्या त्वचेची होती, हा दोष आमचा आहे, तुमच्या रंगाचा नाही.

दगडफूल
मी संगणकावर प्रतिमा-विश्लेषणाचं काम करतो. फोनने जखमेचा फोटो काढावा आणि एआयने खोली सांगावी, असा प्रकल्प आमच्या गटात चर्चेत आहे. जिथे बर्न्स वॉर्ड नाही तिथे याचा मोठा उपयोग होईल असं मनापासून वाटतं. इथल्या जाणकारांना यात काय खटकतं?

तिरीप
हेतू उत्तम आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मला खटकते ती उत्तरपत्रिका.

मॉडेलला हजारो फोटो दाखवाल आणि प्रत्येकावर "उथळ" किंवा "खोल" अशी चिठ्ठी लावाल. चिठ्ठी कोण लावणार? फोटो बघून सर्जन लावणार असतील तर वर गारवेल यांनीच सांगितलंय की ते किती वेळा चुकतात. मॉडेल त्या चुकाही इमानाने शिकेल. वर अहवालात तुम्ही लिहाल की मॉडेल सर्जनशी ९० टक्के सहमत आहे. सहमत असणं आणि बरोबर असणं एक नव्हे.

खरी चिठ्ठी २१ व्या दिवशी मिळते: जखम भरली की नाही. पण जी जखम पाचव्या दिवशी तासून ग्राफ्ट लावली ती एरवी भरली असती का, हे कधीच कळत नाही. ते उत्तर ऑपरेशन टेबलवर पुसलं गेलं. म्हणजे ज्या जखमांबद्दल सर्वांत मोठा निर्णय झाला त्यांचीच उत्तरं तुमच्याकडे नसणार. तिथे एकच वाट उरते, काढलेल्या ऊतीची बायोप्सी, आणि तीही ज्या जागेची काढली त्या दोन-चार मिलिमीटरपुरती. जखम हातभर पसरलेली असते आणि तिची खोली दर बोटाला बदलते.

दुसरं, फोटोची वेळ. जिथे बर्न्स वॉर्ड नाही तिथला फोटो पहिल्या तासातला असणार. पहिल्या तासात जखमेत ते उत्तर तयारच झालेलं नसतं, मग कॅमेरा कितीही चांगला असो. त्याऐवजी "या रुग्णाला बर्न्स वॉर्डात हलवायचं का?" एवढंच मॉडेलला विचारा ना. त्याला खोलीचा बारकावा लागत नाही आणि उपयोग लगेच होईल.

कवडसा
साध्या फोटोत तीनच रंगपट्टे असतात आणि फोन ते आपल्या मर्जीने सुधारतो. त्यापेक्षा निवडक तरंगलांबींचे फोटो घेणारे मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरे जास्त आशादायक. १९८८ मध्ये अफ्रोमोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हिरवा, लाल आणि अवरक्त अशा तीन पट्ट्यांवर हे करून पाहिलं होतं. ८०० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजनवालं आणि ऑक्सिजन नसलेलं रक्त सारखाच प्रकाश शोषतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळा. त्या फरकातून तिथलं रक्त ताजं आहे की अडकून पडलेलं, हे निघतं. खोल जखमेत कधीकधी अडकलेल्या रक्ताचीच लाली दिसते आणि डोळा फसतो, ती फसवणूक इथे पकडता येते.

दगडफूल
उत्तरपत्रिकेचा मुद्दा आमच्या एकाही बैठकीत आला नव्हता. उद्याच मांडतो. "हलवायचं का" हा प्रश्नही पटला.

रातवा
स्कॅन झाला. गोष्ट सांगितली, ती हलली नाही. मांडी बहुतेक लाल आली, म्हणजे चांगलं ना? मधे पिवळा पट्टा आहे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला एक छोटा निळा डाग. डॉक्टर म्हणाले तूर्त ऑपरेशन नको, वाट बघू. निळं असूनही का थांबायचं? मला चैन नाही.

तिरीप
लाल म्हणजे चांगलंच. घोट्याच्या निळ्या डागाचे दोन अर्थ असू शकतात. तिथे हाडाचा गोल उंचवटा आहे. लेझर तिरका पडला की परतणारा प्रकाश कमी होतो आणि प्रवाह आहे त्यापेक्षा कमी दिसतो. हातापायांच्या कडा मला रोज निळ्या दिसतात. अशा वेळी पाय वळवून, प्रकाश सरळ पडेल असा दुसरा फोटो घेतात. तसा घेतला का, एवढं विचारा. सरळ घेऊनही निळाच आला असेल तर तो डाग खरोखर खोल आहे.

गारवेल
तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगते. खरोखर खोल असलेला डागही नखाएवढा असेल तर तो कडांकडून आत सरकत भरू शकतो. चार वर्षांच्या मुलीला भूल देऊन, दुसरीकडची कातडी काढून तो झाकण्यापेक्षा वाट बघणं अनेकदा शहाणपणाचं असतं. तळहाताएवढा असता तर मी वेगळं बोलले असते. सांध्याजवळ आहे म्हणून नजर मात्र ठेवायला हवी. तुमचे डॉक्टर नेमकं तेच करताहेत.

पाणकणीस
मी फिजिओथेरपिस्ट, व्रणांवर काम करते. २१ दिवसांची रेघ कुठून आली असं कुणाला वाटत असेल तर १९८३ चा एक अभ्यास आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जागांपैकी एकतृतीयांश जागांवर जाड, उंच व्रण आला. २१ दिवसांनंतर भरलेल्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. म्हणून स्कॅनवर पिवळा पट्टा दिसला की तो माझ्यासाठी आधीच मिळालेला निरोप असतो. जखम भरायची वाट न बघता मी पालकांना दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दल, सिलिकॉनबद्दल, सांधा ताणून ठेवण्याबद्दल सांगायला सुरुवात करते. रातवा, घोट्याचं सांगते: झोपेत तिचं पाऊल खाली लोंबू देऊ नका, काटकोनात राहू द्या. स्प्लिंट लागेल का ते तिथल्या फिजिओला विचारा.

उंबरठा
दाबाची पट्टी मी दीड वर्ष घातली. मुलीला कंटाळा येईल, रडेल. तरी घाला.

रातवा
आज एकोणिसावा दिवस. मांडी अकराव्या दिवशीच बंद झाली. पिवळा पट्टा काल झाकला गेला, गुलाबी आहे, खाजतं म्हणते. घोट्याचा डाग अजून ओला आहे, लहान झालाय, पण आहे. त्या दिवशी पाय वळवून दुसरा फोटो घेतला होता, तोही निळाच होता, म्हणजे डाग खराच होता. शुक्रवारी दाखवायचं आहे. तेव्हा त्या डागाचा पुन्हा स्कॅन करा असं सांगू का?

तिरीप
नको. आता तिथे नव्या वाहिन्यांची लालभडक मांसल ऊती तयार झाली असेल. तिच्यात रक्त भरपूर वाहतं, त्यामुळे यंत्र तो डाग लाल दाखवेल आणि तुम्हाला उगाच खोटा दिलासा मिळेल. पाचव्या दिवसानंतर स्कॅन विचारायचा नाही तो याचसाठी. शुक्रवारी डॉक्टर मोजपट्टी लावून डागाची लांबी-रुंदी मोजतील आणि मागच्या वेळच्या मापाशी ताडून बघतील, तेवढंच हवं. मागची मापं केसपेपरवर लिहिलेली आहेत का, एवढं आजच फोन करून विचारून ठेवा.